विळी आणि सुरी

आमच्या घरात सुरी ही वस्तू फार उशिरा आली. म्हणजे सुऱ्या होत्या. पावाला लोणी लावण्यापुरती एक, वाढदिवसाचा केक कापण्यापुरती प्लास्टिकच्या मुठीची दुसरी, आणि सफरचंद सोलायच्या वेळी हमखास न सापडणारी तिसरी. पण चिरणे, कापणे, सोलणे, खवणे हे सारे राज्य विळीचे. शीवच्या ज्या तीन मजली इमारतीत आमचा जन्म गेला, तिथल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली ही विळी आडवी निजलेली असे. उभी ठेवायची नाही, पाते भिंतीकडे करूनच ठेवायची आणि ओलांडून जायचे नाही, हे तीन नियम आम्हांला अक्षरओळख होण्याआधी शिकवले गेले होते.

ही विळी १९७१ साली आईबरोबर माहेराहून आली. फणसाच्या लाकडाचा पाट, गावच्या लोहाराने घडवलेले पाते आणि टोकाला खवणीचे दातेरी चक्र. तिच्याकडे मालवणीत हिला आडाळो म्हणत. लग्नानंतर मुंबईत येऊन तिने 'विळी' हा शब्द उचलला, पण बोट कापले की अजूनही तोंडातून आडाळ्यालाच शिवी बाहेर पडते. पन्नास वर्षे धार लागून लागून पाते इतके झिजले आहे, की मूळचे पोट जाऊन आता त्याला चतुर्थीच्या चंद्रकोरीचा आकार आला आहे.

तीन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी मांडी घालणे, उकिडवे बसणे, जमिनीवर बसणे या साऱ्यांवर एकाच वाक्यात बंदी घातली. आईने बाकी सगळे निमूट ऐकले. देवपूजा खुर्चीवरून होऊ लागली, जेवण टेबलावर आले. अडले ते एका विळीपाशी. आम्ही ती उचलून ओट्यावर ठेवली आणि मोठा प्रश्न सोडवल्याच्या आविर्भावात बाजूला उभे राहिलो. तेव्हा कळले, की विळी हे नुसते पाते नाही. तिच्यावर बसणारे माणूस हा तिचा अर्धा भाग आहे. पाट दाबून धरणारे पाऊल नसेल तर ती सरकते, डुलते. सुरीत भाजी स्थिर असते आणि पाते हलते. विळीत पाते स्थिर असते आणि दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. आठ दशकांच्या उंबरठ्यावरच्या बाईला हे उलटे करायला सांगणे म्हणजे डाव्या हाताने सही करायला सांगण्यासारखे आहे. ओट्याला स्क्रूने आवळायची छोटी विळी बाजारात मिळते, तीही आणली. आईने ती दोन बोटांनी हलवून पाहिली, "भातुकली आहे," म्हणाली आणि पेटीसकट परत केली.

त्याच सुमारास भाच्याचा तोक्योहून फोन आला. निशी-कासाई नावाच्या तिथल्या भागात हिंदुस्थानी संगणकवाल्यांची मोठी वस्ती आहे आणि हा त्यांतलाच एक. "मामा, डिसेंबरात येतोय. आजीला काय आणू?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "सुरी."

वाचकहो, त्यानंतरचे दोन महिने आम्ही या विषयावर इतके वाचले, की एखादा प्रबंध सहज झाला असता. तोक्योत काप्पाबाशी म्हणून एक रस्ता आहे, तिथे दुतर्फा स्वयंपाकाच्या भांड्यांचीच दुकाने. भाचा दर रविवारी तिथून छायाचित्रे पाठवी आणि आम्ही शीवला बसून त्यांवर मते देत असू. जपान्यांकडे जितक्या कामे तितक्या सुऱ्या. मासळीची मुंडी उडवायला जाड पाठीची देबा, कच्च्या माशाचे पातळ काप काढायला लांब, एकाच बाजूने धार असलेली यानागिबा, भाजीसाठी चौकोनी पात्याची नाकिरी, आणि विसाव्या शतकात घराघरांत पोचलेली, सर्व कामे करणारी सांतोकू. देबाची आम्हांला गरज नव्हती. आमच्याकडे येणारी मासळी बाजारातल्या मावशीच्या कोयत्याखालून तुकडे होऊनच येते आणि तिच्या हातच्या तुकड्यांत दोष काढण्याची आमची प्राज्ञा नाही. नाकिरीवर मन बसत होते, पण कोथिंबीर बारीक चिरताना पाते टोकावर टेकवून झुलवावे लागते आणि त्याला पोटाला किंचित गोलाई हवी. ती ज्या सुरीला असते तिचे नाव ग्युतो. मेइजी काळात जपान पाश्चात्त्य वळणाने जाऊ लागला, १८७२ साली खुद्द सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, त्यानंतर युरोपीय आचाऱ्यांच्या सुरीवरून ही घडवली गेली. नावाचा अक्षरशः अर्थ बैलाचे किंवा गाईचे पाते. हे भाषांतर आम्ही आईला आजवर सांगितलेले नाही. लांबीही घटवली: आचारी मंडळी २१० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी वापरतात, आमच्या ओट्याचा जीव पाहता १८० पुरे झाली.

खरा वाद झाला तो पोलादावरून. भाच्याचे म्हणणे, न गंजणारी घ्यावी. "मामा, मुंबईचा पावसाळा आठव. तिथे कार्बनची सुरी म्हणजे रोजचं काम." त्याचे चूक नव्हते. पोलादात दहा-अकरा टक्क्यांवर क्रोमियम असले की पृष्ठभागावर त्याचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि गंज दूर राहतो. ज्याला आपण कार्बन पोलाद म्हणतो त्यात ही ढाल नसते. पण त्याच्या मोबदल्यात ते फार बारीक धार घेते, आणि गेलेली धार दगडावर लवकर परत येते. जपानात या कामाचे नावाजलेले पोलाद शिमाने प्रांतातल्या यासुगीचे. त्याच्या जाती ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून येत त्यावरून ओळखल्या जातात. पांढऱ्या कागदाचे म्हणजे जवळजवळ नुसते लोह आणि कर्ब. निळ्या कागदाच्यात टंगस्टन आणि थोडे क्रोमियम घातलेले, त्यामुळे धार जास्त टिकते पण दगडावर थोडा जास्त वेळ मागते. आम्ही पांढऱ्या कागदाचे, दुसऱ्या क्रमांकाचे निवडले. त्यात कर्बाचे प्रमाण सुमारे १.१ टक्के असते. नवशिक्याच्या हाताला दगडावर तेच सोपे, असे आम्ही भाच्याला पटवले. खरे कारण निराळे होते. विळीवर कैरी चिरली की पात्यावर आणि आईच्या बोटांवर जो काळा डाग पडतो आणि लोखंडाचा जो वास येतो, त्याच्याशिवायचे स्वयंपाकघर आम्हांला कल्पनेतही उभे करता येईना. असल्या कारणांनी माणसे वस्तू विकत घेतात आणि मग तांत्रिक समर्थने शोधतात.

वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली, ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. विषय: मुंबईत तयार होणारे आणि तिथे 'वूट्झ' या नावाने ओळखले जाणारे पोलाद. मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले होते. शीर्षकात घोटाळा आहे. हे पोलाद मुंबईत होत नसे, दख्खनच्या दक्षिण भागात मातीच्या मुशींत शिजून इथल्या बंदरात येई. 'वूट्झ' हा कानडी 'उक्कु'चा साहेबी अपभ्रंश मानतात. पुढे १८१९ साली मायकेल फॅरडेनेही याच पोलादाचे पृथक्करण केले. तो स्वतः लोहाराचा मुलगा. या पोलादात कर्ब दीड टक्क्याच्या आसपास असे, म्हणजे आमच्या पांढऱ्या कागदाच्या सुरीहूनही थोडा जास्तच. ते बनवायची विद्या इथून गेली. जपान्यांकडे १८७६ साली सामुराईंना कमरेला तलवार लावायची मनाई झाली, तेव्हा तिथल्या अनेक लोहारांनी सुऱ्या-कात्र्या घडवायला घेतल्या. साकाई शहराने तर त्याच्याही आधीपासून तंबाखू चिरायच्या सुऱ्यांवर नाव कमावले होते. तिथे आजही एक जण घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. आपल्याकडे घिसाड्यांच्या पालापुढे नवरा सांडशीत लाल लोखंड धरतो आणि बायको घण घालते, हे दृश्य आमच्या पिढीने रस्त्याच्या कडेला पुष्कळदा पाहिले आहे. ट्रकच्या मोडक्या पाट्यांपासून ते कोयते आणि खुरपी करतात. तापलेले पाते पाण्यात बुडवण्याला दोन्हीकडे सारखेच महत्त्व. आपण त्याला 'पाणी देणे' म्हणतो आणि माणसालाही पाणीदार म्हणतो. असो.

डिसेंबरात सुरी आली. दुकानदाराने पात्यावर छिन्नीने आजीचे नाव जपानी अक्षरांत कोरून दिले होते. त्या भाषेत 'ल' आणि 'र' यांचा भेद नसल्याने आईच्या नावाचा उच्चार बदलून गेला होता. "म्हणजे ही दुसऱ्याच कुणाची तरी झाली की," आई म्हणाली. भाच्याने पेटी तिच्या हातात द्यायला पुढे केली तशी तिने हात मागे घेतला. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होते. खाली ठेवायची, मग घ्यायची. भाचा हसला. जपान्यांनाही सुरी भेट देताना संबंध तुटण्याची शंका येते म्हणे, म्हणून काही जण सोबत पाच येनचे नाणे देतात. 'पाच येन' आणि 'ऋणानुबंध' यांचा उच्चार त्या भाषेत एकच. त्यानेही ते भोकाचे नाणे आणले होते. आईने ते देव्हाऱ्यात ठेवले आणि आपल्यातर्फे त्याला एक रुपया दिला.

मग तिने चष्मा लावून पाते उजेडात धरले. मधोमध कठीण पोलादाचा थर आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाचे आवरण. धारेजवळ त्या दोहोंची सीमा धुक्यासारखी दिसते. अंगठा आडवा फिरवून तिने एकच वाक्य उच्चारले, "हे लोखंडच आहे. गंजणार."

वापरायला सुरुवात केली आणि पहिला आठवडा आम्ही हवेत होतो. कांद्याचे काप असे पडत की त्यांतून वर्तमानपत्र वाचता यावे. डोळ्यांत पाणीही कमी येई, कारण धारदार पाते कांद्याच्या पेशी चिरडत नाही. काय कापायचे नाही याची यादी मात्र मोठी होती. नारळ नाही, सुरमईचा काटा नाही, फणसाच्या आठळ्या नाहीत, बर्फात गोठलेले काही नाही. लाल भोपळ्यात पाते रुतवून पिरगाळले तर धारेचा कपचा उडतो. विळ्या-भोपळ्याचे सख्य आम्ही शाळेत वाक्प्रचार म्हणून शिकलो, त्याचा अर्थ आता समजला. इतके कठीण पोलाद वाकत नाही, तुटते. खाली पाट लाकडाचाच हवा. काचेचा, संगमरवराचा किंवा स्टीलचा चालत नाही.

जूनमध्ये आमची परीक्षा झाली आणि आम्ही नापास झालो. रविवार होता. शेवटच्या कैऱ्या लोणच्यासाठी चिरून झाल्या आणि तेवढ्यात दारात कोणी आले. गप्पा लांबल्या. शीव मूळची मुंबई बेटाची हद्द, नावातच ती आहे. पलीकडे खाडी आणि पाणथळ. पावसाळ्यात आमच्या भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. हवेत ८० टक्क्यांवर दमटपणा, पात्यावर कैरीचा आंबट रस. तासाभराने परत येऊन पाहिले तर धारेलगत नारिंगी ठिपके उमटलेले. आम्ही अक्षरशः घामाघूम झालो. आई शांत होती. तिने विटेची पूड मागितली. आम्ही किंचाळलो. अखेर तहाची बोलणी होऊन अर्धा बटाटा आणि खायचा सोडा यांवर समझोता झाला. बटाट्याची कापलेली बाजू सोड्यात बुडवून ती पात्यावर, धारेपासून पाठीकडे, एकाच दिशेने घासत राहिली. वीस मिनिटांनी ठिपके गेले. एक खळगा तेवढा राहिला. तो अजून आहे.

त्या दिवसापासून सुरीची व्यवस्था आईकडे गेली. आम्ही दोन महिने जे वाचून शिकलो होतो ते तिला पन्नास वर्षांच्या विळीने शिकवले होते, आणि तिच्या नियमांत आमच्या पुस्तकी नियमांपेक्षा जास्त तारतम्य होते. चिरून झाल्यावर पुसायचे नाही, चिरता चिरता पुसायचे. आंबट काही कापले तर आधी पाते, मग आपले हात. शेजारी दोन फडकी, एक ओले, एक कोरडे, आणि कोरड्याने दुसरे काहीही पुसायचे नाही. रात्री खोबरेल तेलाचे एक बोट. जपानात यासाठी कामेलियाच्या बियांचे तेल वापरतात, आईला ते सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तिथे नारळ नसतील." लाकडी म्यान तिने पावसाळ्यापुरते बंद केले, कारण लाकूड ओल धरते. सुरी फ्रिजच्या माथ्यावर, कोमट हवेत, कोरड्या फळकुटावर राहू लागली.

दिवाळीपर्यंत पात्याचा रंग पालटला. कांदा, टोमॅटो, कैरी यांचे रस लोखंडाशी खेळून त्यावर निळसर करडी छटा चढली, पारव्याच्या मानेसारखी. हा गंज नव्हे. तांबडा गंज सच्छिद्र असतो आणि आत पोखरत जातो, हा काळपट थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला थोडेफार राखतो. हिरडा आणि हिराकस यांच्या शाईत जी रासायनिक क्रिया होते, तिचीच भावंडे ही. आई म्हणाली, "आता इतकी नाही गंजणार."

धारेचा प्रश्न उरला होता. आमच्या गल्लीत सायकलला चाक जोडलेला धारवाला येतो. स्टँडवर सायकल चढवून पायडल मारतो, ठिणग्या उडतात, मुले जमतात. विळी दरवर्षी गणपतीच्या आधी त्याच्याकडे जाई. सुरी त्याला दाखवायचीही नाही, असे आम्ही ठरवले होते. कोरड्या चाकावर पात्याची कड क्षणात तापते. ती निळी पडली की ३०० अंशांच्या आसपास गेली असे समजावे, आणि मग लोहाराने दिलेले पाणी उतरले. आमच्याकडे पाण्यात भिजवून वापरायचा १००० नंबरचा दगड होता आणि शेवटचा हात फिरवायला ६००० चा. पंधरा अंशांचा कोन, हात न डगमगता पुढे-मागे, पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक कणी लागेपर्यंत. मग बाजू पालटायची. लिहायला दोन ओळी लागतात, जमायला आम्हांला वर्ष लागले. सुरुवातीला कोन इतका हले, की धार गोल होई. आई स्वयंपाकघराच्या खुर्चीत वाटाणे सोलत बसलेली असे आणि न पाहता सांगे, "आवाज बदलला, हात उचलला गेला." तिचे म्हणणे दर वेळी खरे असे. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाईवरही ती अशीच कानाने नजर ठेवायची.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. गेल्या वर्षी आईच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाच्या बशीत, मग सहीत. तिने काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. एका सकाळी कोरड्या फडक्यावर रक्ताचा वाळलेला डाग दिसला. इतक्या तीक्ष्ण धारेने कापले तर कळतही नाही. रक्त दिसते तेव्हा समजते. तिने बोट पदरात लपवले होते. आम्ही त्या दिवशी सुरी म्यानात घालून वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे ठेवली. तिला सांगितले नाही. तिनेही दोन दिवस चौकशी केली नाही. भाजी आम्ही रात्रीच चिरून ठेवू लागलो आणि या व्यवस्थेबद्दल स्वतःवर खूशही झालो.

तिसऱ्या दिवशी आम्हांला यायला उशीर झाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शीव स्टेशनजवळचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहनांसाठी बंद झाल्यापासून पलीकडून अलीकडे यायला केव्हा किती वेळ लागेल याचा नेम राहिला नव्हता. साडेसहाला दार उघडले तर घरात दिवा नाही. स्वयंपाकघरात आई जमिनीवर बसलेली, उजवा पाय लांब, डावा कसाबसा दुमडून विळीच्या पाटावर. समोर परातीत अर्धा किलो फरसबी, सगळी एकसारखी बारीक चिरलेली.

"कधीची बसलीयेस?"

"चार वाजल्यापासून. उठता येईना."

फोन बाहेरच्या खोलीत होता. शेजारच्यांना हाक का मारली नाही, असे विचारले तेव्हा म्हणाली, "अरे, चिरून तर होऊ दे म्हटलं." मग बऱ्याच वेळाने, आम्ही तिला खुर्चीत बसवून गुडघ्यांना तेल लावत असताना, तिने विचारले, "ती कुठे ठेवलीस?"

आम्ही सांगितले.

"तिथे ओल येते," ती म्हणाली. "डब्यामागे वारा नाही."

सुरी त्याच रात्री खाली आली. म्यानातून काढली तर पाठीशी एक तांबूस रेघ दिसू लागली होती. बटाटा, सोडा. आईचा हात कापत होता, पण घासताना कमी कापे. काहीतरी दाबून धरले की कंप थोडा बसतो, हे तेव्हा लक्षात आले. डॉक्टरांना पुढे विचारले तर ते म्हणाले, काही प्रकारांत तसे होते. औषध चालू आहे.

मग वाटाघाटी झाल्या. कांदा, बटाटा, कोबी आम्ही चिरायचे. पुसणे, तेल, जागेवर ठेवणे तिचे. भेंडी तिला हवी होती. भेंडी मऊ असते, घसरत नाही, आणि आम्ही चिरतो ती सारखी होत नाही, हा तिचा आक्षेप निराधार नव्हता. भेंडी तिला दिली. एवढे देणे बरोबर की चूक, हे आम्ही ठरवू शकलेलो नाही. भेंडीच्या दिवशी आम्ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र उघडून बसतो आणि एक ओळही वाचत नाही. पाते पाटावर टेकल्याचा आवाज ऐकत राहतो. टक्, टक्, मध्येच थांबतो, पुन्हा टक्.

इमारत आता पुनर्विकासात जाते आहे. सामान हलवणाऱ्यांचा माणूस मागच्या आठवड्यात यादी करायला आला. ओट्याखाली वाकून त्याने विचारले, "हे भंगारात ना?" आम्ही उत्तर देण्याआधी आईने खुर्चीतूनच विळीचे पाते कुठल्या बाजूला करून बांधायचे ते त्याला सांगायला सुरुवात केली होती. त्याने लिहून घेतले. सुरीची नोंद यादीत नाही. ती आईच्या हँडबॅगेतून जाणार आहे, दोन्ही फडक्यांसकट.